व्यवसाय : शिक्षक

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार, ३ जानेवारी १९८९

मास्तर,
नमस्कार.

परवा धुळ्याला तुमच्या दारात नसीमआपांनी मला विचारलं, "दात काढायचं तू अब्बांना विचारलं होतंस, की नुसतं सांगितलं होतंस?"  परत येताना पारोळा गेलं, एरंडोल गेलं, घर आलं, तरी मला उत्तर सापडलं नाही. आज दोन दिवस झाले. मला त्याचं उत्तर देता येत नाही, हे आधी कबूल करते आणि मग बाकीचं लिहिते.

असलमभाई म्हणाले, अब्बा झोपलेत. त्याच वेळी आत तुम्ही खोकलात. आठ वर्षं तुम्ही तसं खोकूनच क्लॅरिनेट तोंडाला लावत आलात, तो खोकला मला ओळखू येणार नाही का? तरी आपांनी दिलेला चहा घेतला आणि निघाले.

माझी बाजू एकदाच मांडते. सप्टेंबरापासून तुमचा गाल सुजत होता. भाकरी चहात भिजवून खात होतात. वरचे पुढचे दात हलत होते, हिरड्यांतून पू येत होता. वर्गात स्वर दाखवताना तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. मुलांना वाटायचं, मास्तर रंगलेत. ते दुखण्यानं होतं हे फक्त मला कळायचं. आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी दातांचं मोफत शिबिर ठेवलं, कागद भरायच्या टेबलावर मी होते, म्हणून तुम्हाला घेऊन गेले. डॉक्टरांनी सहा दात काढले. तुम्ही क्लॅरिनेट वाजवता हे मी त्यांना सांगितलं होतं. कवळी बसली की सगळं पहिल्यासारखं होईल असं मला वाटलं.

भुसावळच्या कार्यक्रमात कवळी घसरली आणि पुढच्या रांगेतले दोघं हसले, त्याला आज तेवीस दिवस झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वर्गाची किल्ली खाली सायकलच्या दुकानात देऊन धुळ्याला मुलांकडे गेलात. मला निरोपही ठेवला नाहीत.

एक बातमी आहे. आकाशवाणीचं पत्र आलं. माझी स्वरचाचणी १४ मार्चला, सकाळी अकराला. पत्र आलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी ते पटकन घडी करून पुस्तकात ठेवलं. तुम्ही शेजारी नसताना मी तिथे कशी जाऊ?

वर्ग चालू ठेवला आहे. दोन ओळी लिहवून पाठवा.

तुमची विद्यार्थिनी,
प्रमिला


पिंप्राळा
मंगळवार, १७ जानेवारी

मास्तर, नमस्कार.

पत्र आलं नाही. पोस्टमन गल्लीत वळला की मी दारात जाऊन उभी राहते आणि काहीतरी काम असल्यासारखं करते. काल तोच म्हणाला, "ताई, आलं तर मी हाक मारीन, तुम्ही रोज उंबरा झाडू नका."

माझी पत्रं नसीमआपाच तुम्हाला वाचून दाखवत असणार, मला उर्दू येत नाही आणि तुम्हाला मराठी अक्षर वाचता येत नाही. आपा, एक विनंती आहे. माझ्यावर राग ठेवा, पण मधला मजकूर गाळू नका.

वर्गात सहाजण येतात. छगनभाऊ अजून दर रविवारी भुसावळहून पॅसेंजरनं येतात. त्यांची भूपाची गत तिथेच अडली आहे. मला म्हणाले, "बाई, तुम्ही ओरडत नाहीत ना, त्याची ही गडबड आहे. मास्तर ओरडायचे तेव्हा चुकलं कुठे ते तरी कळायचं. तुम्ही 'छान, पुन्हा एकदा' म्हणतात, आणि आम्ही छान छान करत तेच चुकतो." सगळे हसले. मीही हसले. मग वर्ग सुटल्यावर मला फार भीती वाटली. मला वाजवता येतं, पण शिकवता येतं का, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. चूक तुम्ही दाखवायचात आणि समजूत मी काढायचे, असं आपलं चालत होतं.

आईचं तुम्हाला ठाऊकच आहे. आठ वर्षं माझ्या लग्नाच्या काळजीनं तिचं एकच, "त्या पोंगानी तुना दात म्होरे ई जातीन, मंग कोन करी तुले?" तुमचेच दात गेल्यापासून तिनं ते म्हणायचं सोडलं आहे. ती म्हणायची ते बरं होतं असं आता वाटतं.

काल बोदवडचे लोटनभाऊ बँडवाले आले होते. लग्नसराईसाठी तुम्ही याल का विचारत होते. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "बाई, माझ्या चुलत्याच्या तोंडात एक दात नव्हता. तरी सनई वाजवायचा. निजामपूरपर्यंत सुपाऱ्या घ्यायचा."

मी म्हटलं, "सनईची गोष्ट वेगळी. तिची फुंकायची पत्ती नुसत्या ओठांत धरतात. क्लॅरिनेटच्या माउथपीसवर वरचे दात टेकवावे लागतात, त्याशिवाय पकड येत नाही."

"हे कोणी सांगितलं?"

"मास्तरांनी."

"त्यांना कोणी सांगितलं?"

 ते गेल्यावर मी क्लॅरिनेट जोडलं. वरचा ओठ दातांवरून आत दुमडला, खालचा दुमडलेला असतोच. दात कुठेच लागू दिले नाहीत. फुंकलं तर आधी नुसती हवा गेली, मग बकरीसारखा आवाज आला. पण आला, मास्तर.

प्रमिला


पिंप्राळा
रविवार, ५ फेब्रुवारी

मास्तर, नमस्कार.

आज एकविसावा दिवस. दोन्ही ओठांनी धरून षड्ज आता दहा आकडे मोजेपर्यंत टिकतो. मी जे शोधलंय ते लिहिते, आपांनी सावकाश वाचावं.

वरचा ओठ फार आत घ्यायचा नाही. घेतला की पत्ती गुदमरते. अगदी कड आत जाईल एवढाच. पत्ती नेहमीपेक्षा हलकी लागते. बाजा जरा छातीकडे धरायचा, म्हणजे वजन अंगठ्यावर येतं आणि ओठावरचं कमी होतं. पहिले आठ दिवस ओठ सोलून निघतो, मीठ लागलं की डोळ्यांत पाणी येतं. मग कातडी घट्ट होते. तुम्हाला तर कवळी काढूनच वाजवता येईल. घसरायला काही राहणारच नाही. आणि मींड, मास्तर, मींड दातांपेक्षा मऊ येते. गंधारावरून उतरताना मला एकदा तुमच्यासारखा आवाज ऐकू आला, मी थांबून मागे पाहिलं.

तुम्ही फक्त पाच मिनिटं करून बघा. कोणी नसताना.

यात एक वाईट झालं आहे. दोन्ही पद्धती एकदम चालत नाहीत. ओठांची सवय लागली तसा माझा नेहमीचा स्वर सैल झाला. काल दात टेकवून पटदीप घेतला तर वरचा सा चिरकला. छगनभाऊ म्हणाले, "बाई, गाडी रुळावरून उतरली." चाचणीला पाच आठवडे राहिले आहेत. मी झोपेतही ओठ दुमडते असं आई म्हणते.

म्हणून मी असा विचार करते आहे की चाचणीलाच ओठांनी वाजवावं. तिथे पास झाले तर तुमच्याकडे नाही म्हणायला कारण उरणार नाही. दातांशिवाय होतं हे रेडिओवरूनच तुम्हाला ऐकू येईल.

प्रमिला


पिंप्राळा
रविवार, १२ फेब्रुवारी

मास्तर,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. क्लॅरिनेटबद्दल मी डॉक्टरांना काही सांगितलं नव्हतं.

परवा मी त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. क्लॅरिनेट वाजवताना हलणार नाहीत असे दात बसवता येतात का, हे विचारायला. त्यांनी शिबिराच्या कागदांचा गठ्ठा काढला, तुमचा कागद शोधला आणि माझ्यापुढे ठेवला. अक्षर माझंच. नाव नूर महंमद शेख इमाम, वय त्रेसष्ट, व्यवसाय शिक्षक.

डॉक्टर म्हणाले, "मला वाटलं शाळेत शिकवतात. फुंकायचं वाद्य वाजवतात हे कळलं असतं तर दोन दात हलते असले तरी ठेवून बघितले असते. वाचले असते असं नाही म्हणत मी. पण आधी त्यांच्याशी बोललो असतो."

आता त्या दिवसाचं सांगते. तुम्हाला आठवत असेल, मी व्यवसाय विचारला तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिख, बँड में बाजा बजाता हूँ." मी पेन हातात धरून थांबले. तुमच्या पुढे रांगेत एक हमाल होता. माझ्या वडिलांसारखाच डाळमिलमधला. त्याच्या कागदावर मी हमाल लिहिलं, तो आत गेला आणि डॉक्टर त्याला म्हणाले, "ए, तोंड उघड, अजून मोठं." मी ते ऐकलं. माझ्या शेजारी माझ्या वर्गातल्या दोघी बसल्या होत्या. मी लिहिलं, शिक्षक. तुम्ही आत गेलात आणि डॉक्टर म्हणाले, "या गुरुजी, बसा." मला एवढा आनंद झाला, मास्तर, की मी टेबल सोडून दारातून बघितलं.

आमच्या घरात प्रत्येक कागद मीच भरते. रेशन कार्ड, वडिलांचा मिलचा फॉर्म, शेजारच्या सुगंधाबाईंच्या पेन्शनचा अर्ज. वडील सगळ्यांना सांगतात, "पोरगी ग्रॅज्युएट शे, ती लिखी दी." माझ्या हातानं कागदावर चढलं की माणसाचं बरंच होणार, असं मी धरून चालत होते. तुम्ही सांगितलेलं मी लिहिलं नाही. बँडमध्ये बाजा वाजवणं मला कमी वाटलं. ज्या बाजानं मला शिकवलं, त्याचंच नाव लिहायची मला लाज वाटली.

आपा, हे सगळं वाचा. काही गाळू नका.

प्रमिला


पिंप्राळा
बुधवार, १ मार्च

मास्तर, नमस्कार.

तुमचं कार्ड सोमवारी आलं. पोस्टमननं खरंच लांबून हाक मारली. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे. तरी इथे उतरवून काढते, आपांनी लिहिताना काही बदललं असेल तर तुम्हाला कळावं.

"प्रमिलास आशीर्वाद. पत्रं सगळी ऐकली. खुर्चीत मी बसलो, तोंड मी उघडलं. मला कोणी धरून बसवलं नव्हतं. डॉक्टर गुरुजी म्हणाला तेव्हा मी सांगू शकत होतो की साहेब, मी बाजा वाजवतो. नाही सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी अनोळखी माणूस मला गुरुजी म्हणत होता. दोन मिनिटं अजून म्हणू दे असं वाटलं. तेवढ्यात सुई दिली. ओठांचं जे चाललंय ते बंद कर. तुझा स्वर जाईल. चौदा तारखेला जसं शिकवलं तसं वाजव. माझं मी बघेन."

आणि खाली वेगळ्या शाईत, "अब्बांनी बाजा पेटीतून काढलेला नाही. खोटी आशा धरू नकोस. नसीम."

मास्तर, हे वाचून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. माझ्या चुकीतला अर्धा वाटा तुम्ही उचलून घेतलात, आणि तो मला परत हवा आहे. तुम्ही रागावला असतात तर मला काय करायचं ते कळलं असतं.

तुम्ही बंद कर म्हणालात. मी बंद केलेलं नाही. सकाळी दात टेकवून वाजवते आणि संध्याकाळी ओठांनी. दोन्ही बिघडत चाललं आहे. मी स्वतःला समजावते, की पास झाले तर मास्तरांचं पाऊल पुढे पडेल. नापास झाले तर? मग तुमचं गेलं तसं माझंही गेलं, बरोबरी झाली. असा विचार माझ्या मनात येतो आणि तो मला आवडतो. ही गोष्ट मी कोणाला सांगू?

आईला सांगितली. ती ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मास्तरनी काय सांगं?"

"दात लाव म्हणाले."

"मंग?"

"पण आई, त्यांच्यासाठीच तर—"

"त्यासनी सांगं एक, अन् तू करी राह्यनी दुसरं. परत." सूप आपटून ती म्हणाली, "तुले बठ्ठं कळस ना. मास्तरले काय कळस, त्यासनी कोठे बी.ए. करेल शे."

मी उठून गेले. तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.  तेरा दिवस राहिले आहेत. मी काय करीन ते मला माहीत नाही, आणि या वेळी मी तुम्हाला खोटं लिहिणार नाही म्हणून तसंच लिहिते.

प्रमिला


जळगाव
मंगळवार, १४ मार्च

मास्तर, नमस्कार.

मी वाजवून आले. आकाशवाणीच्या फाटकाबाहेर निंबाखाली ओटा आहे, तिथे बसून लिहिते आहे. घरी गेले तर आई आधी जेवायला बसवील आणि मग हे जसंच्या तसं लिहिता येणार नाही. निकाल आज सांगत नाहीत. पत्र यायला महिना दोन महिने लागतात म्हणे.

वडील सोबत आले होते. मिलमध्ये खाडा केला. इस्त्रीचा सदरा घालून दारातच उभे राहिले, शिपाई बसा म्हणाला तरी बसले नाहीत. माझ्या आधी साक्रीचे एक गृहस्थ होते, सुगम संगीतवाले. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही गाणार?" मी म्हटलं, "क्लॅरिनेट." ते म्हणाले, "कोण, तुमचे वडील वाजवतात?" मी म्हटलं, "नाही, मी वाजवते. बोदवड, भुसावळ, जळगावला बँडमध्ये चाळीस वर्षं वाजवलेले नूर महंमद मास्तर माझे गुरू आहेत." हे मी मोठ्यानं म्हटलं. फॉर्मवरही गुरूंच्या नावापुढे तसंच लिहिलं आहे, बँडवादक आणि शिक्षक, दोन्ही.

बाकावर बसल्या बसल्या मी दोनदा ठरवलं आणि दोनदा मोडलं. पिशवीत दोन पत्त्या होत्या, ओठांसाठीची हलकी आणि नेहमीची कडक. माझा हात हलक्या पत्तीकडेच जात होता. काल संध्याकाळी ओठांनी अख्खा पटदीप न चिरकता निघाला होता. पण खरं कारण ते नव्हतं. चिरकलं तर चिरकू दे, असं मला आतून वाटत होतं. तुमच्यावर भुसावळला जे दोघं हसले तसं कोणीतरी माझ्यावर हसलं की मी सुटेन. मी तुमच्यासाठी वाजवणार होते असं सगळ्यांना सांगत होते, आणि प्रत्यक्षात स्वतःला सोडवून घ्यायला निघाले होते. त्यासाठी तुम्ही आठ वर्षं लावलेला स्वर मी मोडणार होते. तो मोडायचा की नाही हेही तुम्हाला विचारलं नव्हतं. उलट तुम्ही नको म्हणाला होतात.

आत गेले. खोलीत गारवा होता, भिंतींना भोकं भोकं असलेले पत्रे. तबल्याला तिथलेच एक जण बसले होते. मी स्वर दिला तेव्हा मान वर करून म्हणाले, "अरे वा, क्लॅरिनेट. बऱ्याच दिवसांनी." काचेमागे कोण होतं ते दिसत नव्हतं. तिथून आवाज आला, "पटदीप. विलंबित घ्या, मग द्रुत. लाल दिवा लागला की सुरू करा."

तुम्ही बाजा कधी पेटीतून काढाल की नाही, मला माहीत नाही. मी ते यापुढे विचारणार नाही. ओठांची सगळी रीत पाच फेब्रुवारीच्या पत्रात आहे. ठेवायचं तर ठेवा, टाकायचं तर टाका. माझ्या मास्तरांना वाजवता येईनासं झालं आणि त्यात माझा हात आहे, हे आज वाजवताना जसं होतं तसंच माझ्याबरोबर राहील. ते घेऊनच वाजवावं लागेल आणि शिकवावंही लागेल. रविवारी छगनभाऊंची गत पुढे नेणार आहे. चुकले तर ओरडणार आहे.

हलकी पत्ती मी पिशवीतच राहू दिली. कडक पत्ती बांधली, तोंडात ओली करून घेतली. दिवा लागायला फार वेळ लागला, निदान मला तसं वाटलं. तबलेवाल्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग दिवा लागला, आणि मी वरचे दात माउथपीसवर टेकवून तुम्ही शिकवलंत तसं वाजवलं.

प्रमिला